मदत हवी आहे: आमचा खेळाडू सट्ट्यात अडकलाय

मी खालच्या डिव्हिजनमधल्या एका फुटबॉल संघाचं काम बघतो. आमचा एक मिडफिल्डर ऑनलाइन बेटिंगच्या पार आहारी गेलाय. सरावाला वेळेवर येतो, मेहनतीत कसूर नाही. पण बसमध्ये मोबाईल मांडीवर पालथा ठेवतो, आणि तो थरथरला की याचा चेहराच उतरतो. निम्म्या संघाकडून उसने घेऊन झालेत.

खरी भीती पुढची आहे. या स्तरावर मानधन तुटपुंजं, सामन्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही, तरी बेटिंग चालतंच. उद्या देणेकरी म्हणाला, ‘पैसे राहू दे, मुद्दाम फाऊल करून एक पिवळं कार्ड घे, त्यावर आम्ही पैसे लावतो’, तर हा नाही म्हणू शकेल का? कोण जखमी आहे एवढं बाहेर सांगणंसुद्धा महागात पडतं. इंग्लंडचा फुटबॉलपटू किरन ट्रिपियर याच्यावर 2020 मध्ये स्वतःच्या क्लब-बदलाची माहिती बेटिंगसाठी पुरवल्याबद्दलच 10 आठवड्यांची बंदी आली होती.

स्वतः आधी कबूल केलं तर शिक्षा सौम्य होते का? इंग्लंडचा स्ट्रायकर इव्हान टोनीच्या बाबतीत 2023 मध्ये व्यसनाचं निदान लक्षात घेऊन बंदी 11 वरून 8 महिन्यांवर आणली होती. पण तो मोठा खेळाडू, वकील दिमतीला. आमच्या पोराकडे कोण आहे?

आधी उपचार की आधी फुटबॉल संघटनेला कळवायचं? आणि सहकाऱ्यांनी मिळून त्याचं कर्ज फेडावं का? मला ते धोक्याचं वाटतं, हात मोकळा झाला की पुन्हा लावेल. कुणी असा खेळाडू सावरलेला जवळून पाहिला असेल तर कृपया सविस्तर लिहा.