थांबवा, पण पुसून टाकू नका
दुर्घटनेची आठवण करून देणारे टीव्ही मालिकांचे जुने भाग पुन्हा कधीच दाखवू नयेत, असं काहींचं म्हणणं आहे. मला नाही पटत. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा १९९७चा न्यूयॉर्कचा भाग घ्या. मालिकेतल्या होमरच्या गाडीला जॅमर लागलाय, ती वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांपाशी उभी आहे आणि हा शौचालय शोधत एका मनोऱ्यातून दुसऱ्यात धावतोय. ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक वाहिन्यांनी त्याचं पुनःप्रक्षेपण थांबवलं, ते योग्यच केलं. ज्यांचं माणूस त्या ढिगाऱ्याखाली गेलं, त्यांच्यासमोर जेवताना अचानक ते मनोरे यायला नकोत. पण कायमचं कशाला? त्या भागात ते मनोरे अजून धडधाकट उभे आहेत, माणसं खिडक्यांतून एकमेकांशी भांडतायत. काही वर्षांनी तो भाग परत दाखवू लागले, त्याचं मला मनापासून बरं वाटलं.