स्पॉटिफायच्या आधीच सुरुवात झाली होती

वर कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतली लाइट म्युझिकवाली (हळुवार गाण्यांची) रेडिओ स्टेशनं स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने मारली, मला नाही पटत. स्पॉटिफाय इकडे आलं 2011 ला, खरी वाट लागली ती 1996 च्या दूरसंचार कायद्याने, आधी एका कंपनीला देशभरात 40 च स्टेशनं ठेवता यायची ती मर्यादाच उठवली, मग क्लिअर चॅनल नावाच्या रेडिओ कंपनीने हजाराच्या वर घेतली आणि 2008 मध्ये कंपनी कर्ज काढून विकली गेली, ते डोंगराएवढं कर्ज फेडता फेडता 2018 ला दिवाळखोरी (तोवर नाव आयहार्ट झालेलं). खर्च कापताना मधल्या मध्ये गेला तो गावातला निवेदक.

आम्ही 1999 ला न्यू जर्सीत आलो तेव्हा बर्फ पडला की सकाळी सहाला किचनमध्ये रेडिओ लावून बसायचो, निवेदक बर्फामुळे बंद असलेल्या एकेका शाळेचं नाव वाचायचा, मुलं श्वास रोखून ऐकायची, मधे फिल कॉलिन्सचं गाणं. नंतर त्याच स्टेशनवर दुसऱ्या शहरात आधीच रेकॉर्ड केलेला आवाज यायला लागला, बाहेर फूटभर बर्फ आणि हा बर्फाबद्दल चकार शब्द काढत नाही! गाणी तीच होती हो, पण आम्ही ऐकायचं सोडलं ते तेव्हापासून.