मदत हवी आहे: अस्वलांच्या मुलखात हिंडताना जवळ बाळगण्यासाठी मध्यम आकाराचे रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे?

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी आणि माझे यजमान गेली नऊ वर्षे अमेरिकेतील मोंटाना राज्यात, बोझमन येथे राहतो. मे महिन्यापासून पहिला जोराचा बर्फ पडेपर्यंत आमचे बहुतेक शनिवार-रविवार कस्टर गॅलटिन राष्ट्रीय वनात पायी हिंडण्यात किंवा गॅलटिन नदीवर ट्राउट धरण्यात जातात. यजमान फिरतीवर असले की नदीवर मी एकटीच जाते. हा सगळा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. काळी अस्वलेही आहेत, आणि नदीकाठच्या वाळुंजांच्या झाडीतून मूस हे घोड्याएवढे थोराड जनावर कधी समोर उभे राहील याचा नेम नसतो. अशा ठिकाणी दिवसभर अंगावर वागवता येईल असे मध्यम आकाराचे रिव्हॉल्व्हर घेण्याचे मी ठरवले आहे, आणि त्याच्या निवडीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

हा निर्णय एका प्रसंगानंतर झाला. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस एका पायवाटेच्या वळणावर चाळीस-एक पावलांवर ग्रिझलीची मादी आणि तिची दोन पिल्ले दिसली. वारा तिच्याकडून आमच्या तोंडावर येत होता, त्यामुळे तिला आमचा वास लागलेला नव्हता. यजमानांनी कमरेचा अस्वल-स्प्रेचा डबा काढला, परंतु त्यावरची नारिंगी सेफ्टी क्लिप त्यांच्या अंगठ्याने काही केल्या निघेना. मादी मागच्या पायांवर उभी राहिली, नाक वर करून तिने हुंगले, आणि मग पिल्लांना घेऊन ती उतारावरून खाली निघून गेली. काहीच घडले नाही, पण घरी परतल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली की क्लिप वेळेवर निघाली असती तरी त्या वाऱ्यात मिरचीचा फवारा आमच्याच डोळ्यांत आला असता.

स्प्रे सोडून देण्याचा माझा मुळीच विचार नाही, हे आधीच स्पष्ट करते. टॉम स्मिथ, स्टीफन हरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील घटनांचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात तपकिरी अस्वलांच्या बाबतीत स्प्रेने ९२ टक्के वेळा काम केल्याचे दिसते, आणि याच गटातील संशोधकांच्या २०१२ च्या अभ्यासात हातबंदुकांसाठी तो आकडा ८४ टक्के आहे. शिवाय अलास्का वगळता इथल्या सलग राज्यांत ग्रिझलीला १९७५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. जीव वाचवण्यापुरतीच गोळी चालवता येते आणि तसे घडल्यास अधिकाऱ्यांना तातडीने कळवावे लागते. म्हणून स्प्रे पहिला, आणि जोरदार वाऱ्यात किंवा डबा रिकामा झाल्यावर हाताशी असावे म्हणून रिव्हॉल्व्हर, असा माझा क्रम आहे. जवळच्या लिव्हिंग्स्टन गावाच्या वाऱ्याची ख्याती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना माझी चिंता समजेल.

माझ्या अनुभवाबद्दल थोडे सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. माझे माहेर सिंधुदुर्गातले. भाताची रानडुकरांपासून राखण करण्यासाठी वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची काडतुसाची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हे आम्ही लहानपणापासून पाहिले. बंदूक रिकामी असली तरी तिचे तोंड माणसाच्या दिशेला जाता कामा नये, हा वडिलांचा दंडक होता. तेवढा संस्कार सोडला तर माझी पाटी कोरी होती. या हिवाळ्यात मी हातबंदुकीचे रीतसर शिक्षण घेतले आणि आता आठवड्यातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जाते.

सुरुवातीला एका दुकानातल्या विक्रेत्याने मला पाहताच, बाईमाणसाला वजन नको, असे म्हणत अतिशय हलक्या धातूचे .४४ मॅग्नमचे (आकडा म्हणजे गोळीचा इंचातला अंदाजे व्यास, मॅग्नम म्हणजे अधिक जोरकस काडतूस) रिव्हॉल्व्हर पुढे केले. नशिबाने विकत घेण्याआधी तसेच एक रेंजवर भाड्याने मिळाले. पाचपैकी तिसऱ्या काडतुसाला चापाभोवतीची कडी माझ्या मधल्या बोटाच्या पेरावर अशी आपटली की उरलेली दोन काडतुसे मी काढून ठेवली, आणि ते पेर चार दिवस सुजलेले होते. वाहून नेताना जे वजन नकोसे वाटते तेच झाडताना धक्का पोटात घेते, हे त्या दिवशी मला हाताने कळले.

ग्लॉक २० हे दहा मिलिमीटरचे पिस्तूल घ्या, त्यात पंधरा काडतुसे बसतात, असेही बऱ्याच जणांनी सुचवले. माझा पंजा लहान आहे आणि त्याची रुंद मूठ धरली की चापावर बोटाचे टोकच जेमतेम पोहोचते. शिवाय जनावर अंगावरच आले आणि नळी त्याच्या अंगाला टेकली, तर पिस्तुलाची वरची स्लाइड मागे रेटली जाऊन गोळी न सुटण्याचा धोका असतो, जो रिव्हॉल्व्हरमध्ये नाही. म्हणून रिव्हॉल्व्हर हे नक्की आहे.

आता माझ्यापुढे चार नावे आहेत. रुगरचे जीपी १०० आणि स्मिथ अँड वेसनचे ६८६ ही दोन्ही .३५७ मॅग्नमची, साधारण चार इंची नळीची आणि सुमारे ११०० ग्रॅम वजनाची आहेत. स्मिथचेच ६६ त्यापेक्षा थोडे हलके आणि सडपातळ आहे; ते हातात घेतले तेव्हा सर्वांत छान वाटले. परंतु या जुन्या के चौकटीच्या (चौकट म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा, अक्षर त्याच्या आकाराचे) रिव्हॉल्व्हरांत, सिलिंडरमधून, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यातून, गोळी जिथे नळीत शिरते त्या तोंडाची खालची कड सपाट तासलेली असल्यामुळे, १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) जोरकस काडतुसांनी तिथे चीर पडत असे, आणि त्यावर उपाय म्हणून कंपनीने १९८० च्या सुमारास अधिक थोराड एल चौकट काढली, असे वाचले आहे. चौथे नाव स्मिथच्या ६९ चे. ते एल चौकटीतच .४४ मॅग्नम देते, पण पाच काडतुसांचे आहे.

माझी मुख्य अडचण अशी आहे. .३५७ मी दोन्ही हातांनी धरून, हॅमर आधी न चढवता, लांब चाप ओढत दहा पावलांवरून सहाच्या सहा गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात मारू शकते. ६९ मधून .४४ मॅग्नम झाडताना पहिली गोळी बरोबर जाते आणि दुसरीला मी आधीच डोळे मिटते. ग्रिझलीसाठी .३५७ अपुरे आहे असे इथले अनेक अनुभवी लोक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. तेव्हा हातात बसणारे .३५७ घ्यावे, की .४४ घेऊन स्वतःला त्याची सवय लावावी? .३५७ घेतल्यास काडतूस कोणते वापरावे? आणि नदीत मांडीइतक्या पाण्यात उभे असताना ते अंगावर कुठे बांधावे? माझी मर्यादा म्यानासह १,२०० डॉलर आहे.

इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट नोंदवते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक विकत घेणेच नव्हे, तर नुसती जवळ बाळगणेही संघराज्याच्या कायद्याने मना आहे. शिकारीचा वैध परवाना असणे अशा मोजक्या अपवादांतच ती सूट मिळते. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत रेंजवरही गेले नव्हते. कुणी मित्राच्या आग्रहाने तिथे जाऊन अडचणीत येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी वायोमिंगमध्ये राहतो आणि बारा वर्षांपासून .३५७ घेऊनच डोंगरात जातो. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच दिले आहे. ज्या बंदुकीच्या दुसऱ्या गोळीला डोळे मिटतात, तिची दुसरी गोळी धरूच नये. ६९ आज घेऊ नका. दोन वर्षे .३५७ चा सराव झाल्यावर पुन्हा हातात घ्या आणि तेव्हा ठरवा.

जीपी १०० आणि ६८६ यांत टिकाऊपणाच्या दृष्टीने डावे-उजवे करणे कठीण आहे. ६८६ चा चाप नवा असतानाच अधिक गुळगुळीत वाटतो. जीपी १०० ची चौकट बाजूच्या झाकणाशिवाय एकसंध आहे, सिलिंडर पुढेही पक्का अडकतो, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्याची मूठ एका अरुंद खुंटीवर बसवलेली असते. त्यामुळे लहान पंजासाठी बारीक मूठ सहज बसवता येते आणि बोट चापावर पहिल्या पेरापर्यंत नीट पोहोचते. लहान हाताच्या माणसाला मी जीपी १०० सुचवीन. ६६ मनात भरले असेल तर आताच्या ६६ ची नळी दोन भागांची असून तिची रचना बदललेली आहे, तेव्हा जुन्याचा दोष नव्याला लावू नका; मात्र जड काडतुसांचा धक्का त्यात अधिक जाणवेल.

काडतुसाबाबत मात्र आग्रहाने सांगतो. माणसापासून बचावासाठी विकली जाणारी पोकळ टोकाची १२५ ग्रेनची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण ती लवकर फुलते आणि चरबी व स्नायूंच्या थरातच थांबू शकते. आपल्याला खोल जाणारी गोळी हवी आहे: कडक शिशाची, सपाट टोकाची, १५८ किंवा शक्यतो १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅमची. जड गोळ्यांची एक परीक्षा अवश्य करा. सिलिंडर पूर्ण भरून शेवटचे एक काडतूस सोडून बाकीची झाडा, आणि त्या उरलेल्या काडतुसाची लांबी आधीच्या मापाशी ताडून पाहा. धक्क्याने गोळी आपल्या कवचातून पुढे सरकत असेल तर ती सिलिंडरच्या बाहेर डोकावून तो फिरणेच बंद करू शकते. हलक्या रिव्हॉल्व्हरांत हे जास्त घडते, हेही त्या विक्रेत्याने आपल्याला सांगायला हवे होते.

रोजच्या सरावाला .३८ स्पेशल वापरा, ती .३५७ च्या सिलिंडरमध्ये चालतात, स्वस्त पडतात आणि हात बिघडवत नाहीत. फक्त ती आखूड असल्यामुळे पुढच्या भागात काजळीचे कडे जमते आणि मग लांब मॅग्नम काडतूस आत जाताना अडते. प्रत्येक सरावानंतर पितळी ब्रशने ते कडे खरवडून काढा. प्रत्येक सत्राचा शेवट मात्र एका सिलिंडरभर जड काडतुसांनी करावा, म्हणजे हाताला ओळख राहते.

बांधायचे ते छातीवर. पाठपिशवीचा कमरपट्टा आणि नदीतले पाणी या दोन्हींमुळे कमरेचे म्यान निरुपयोगी ठरते. छातीवर तिरके बांधलेले म्यान पिशवी काढली तरी अंगावरच राहते. स्प्रे मात्र डाव्या बाजूला, पट्ट्यावर, दुसऱ्या हाताला सहज सापडेल असा ठेवा, आणि क्लिप काढण्याचा सराव मुदत संपलेल्या डब्यावर करा. यजमानांनाही करायला लावा.

ते दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून ९२ आणि ८४ ची तुलना करू नये, असे माझे मत आहे. स्प्रेच्या घटनांत कुतूहलाने जवळ आलेली अस्वलेही मोजलेली आहेत. २०१२ च्या अभ्यासातली अधिक महत्त्वाची बाब वेगळी आहे. बंदूक जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ती वापरली आणि ज्यांनी वापरली नाही, त्यांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. अस्वल वेगात असते तेव्हा सेकंदाला पंधरा मीटर कापते. चाळीस पावलांवरून ते दोन-तीन सेकंदांत आपल्यापाशी पोहोचते. तेवढ्या वेळात बंदूक म्यानातून बाहेर आलीच नाही, तर तिचा व्यास किती होता याला अर्थ उरत नाही.

यलोस्टोनमध्ये जाणार असाल तर हेही ध्यानात असू द्या, की २२ फेब्रुवारी २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार बंदूक जवळ ठेवता येते, पण उद्यानात ती झाडण्यास मनाई आहे आणि अभ्यागत केंद्रांसारख्या सरकारी इमारतींत ती नेता येत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. काल रेंजवर जीपी १०० भाड्याने घेतले आणि शिक्षकांनी त्यावर बारीक मूठ बसवून दिली. बोट खरोखरच पहिल्या पेरापर्यंत पोहोचले. १८० ग्रेनची सहा काडतुसे झाडली. धक्का मोठा आहे, पण डोळे उघडे राहिले. गोळी सरकण्याची परीक्षा मोजपट्टी नीट लावून पुढच्या शनिवारी करीन. यजमानांनी कालच संध्याकाळी परसात जुन्या डब्याची क्लिप वीस वेळा काढून घातली.

एक शंका उरली आहे. ऑक्टोबरमध्ये इथे सकाळी शून्याच्या खाली तापमान असते आणि मी लोकरीचे हातमोजे घालते. त्या मोज्यांसह जीपी १०० च्या कडीत बोट शिरते, परंतु चाप सोडल्यावर लोकर त्याच्यामागे अडकून चाप पूर्ण पुढे येत नाही, असे मला दोनदा रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर दिसले. आपण थंडीत कोणते मोजे वापरता, की उजव्या हाताची तर्जनी उघडीच ठेवता?