मोठ्या मॉनिटरवर वेबसाइटची मधे पट्टी आणि दोन्हीकडे कातळमाळासारखा मोकळा सडा, हे काय डिझाइन आहे?

सड्यावरचा, रत्नागिरी:
काल इथे एकाने लिहिलं, "कोकणात सगळे मोबाईलवरच बघतात, मोठ्या स्क्रीनसाठी डिझाइन म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे पाण्यात." डोकंच फिरलं. माझा भाऊ हापूसच्या ऑर्डरी २७ इंची मॉनिटरवर बघतो, २५६० पिक्सेल रुंद, आणि साइटवाल्याने सगळं मधल्या ९६० पिक्सेलमधे कोंबलंय. नाव दिसतं तर पत्ता दिसत नाही, पत्त्यासाठी तक्ता आडवा सरकवायचा, तोवर कुठल्या ओळीवर होतो तेच कळत नाही. पुण्याची पाच डझनी पेटी ठाण्याला गेली ती यापायीच.

खाडीपलीकडचा:
मग काय या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं? ओळ संपवून परत डावीकडे येईस्तोवर पुढची ओळ सापडत नाही. ४५ ते ७५ अक्षरांची ओळ हा छपाईतला जुना हिशोब आहे. पट्टी बरोबरच आहे.

सड्यावरचा, रत्नागिरी:
मजकुराला ठेवा की पट्टी! मॅक्स-विड्थ, म्हणजे रुंदीची कमाल मर्यादा, परिच्छेदाला लावा, अख्ख्या पानाला कशाला? तक्ता, नकाशा, फोटो यांना जागा द्या. पान ओळी-रकान्यांत मांडायला सीएसएस ग्रिड २०१७ पासून आहे, अजून कसली वाट बघताय?

दापोलीकरीण:
तुम्ही पिक्सेल मोजा, आमच्याकडे लाइटच नसते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, वाडीत महिनाभर दिवे नव्हते, होमस्टेची सगळी बुकिंगं मी शेजाऱ्यांच्या गाडीत चार्ज केलेल्या फोनवरून रद्द केली, रद्द करायचं बटण बोटाखाली येत नव्हतं, तीनदा भलतंच दाबलं गेलं. मॉनिटर टेबलावर नुसता पडून. आधी मोबाईलवर धड चालू द्या.

खाडीपलीकडचा:
अगदी! आणि पावसात केबल तुटली की दोन-दोन दिवस नेट नाही. त्यात मोठ्या स्क्रीनच्या नावाखाली चार एमबीचा फोटो टाकतात, तो आम्ही फोनवर उतरवत बसायचा.

सड्यावरचा, रत्नागिरी:
त्यासाठी सोर्ससेट आहे, एकाच फोटोची लहानमोठी मापं कोडमधे द्यायची, ब्राउझर आपापल्या मापाचा फोटो उचलतो. साइट बनवणारा आळशी त्याला स्क्रीन काय करणार? आणि ताई, वादळाचं खरं, पण तुमची खोली बघणारा मुंबईत ऑफिसात मॉनिटरसमोर बसलाय.

दापोलीकरीण:
वादळाला "पण" लावू नका. आमचे पत्रे उडाले, नारळी-पोफळी झोपल्या, तुम्हाला ते रत्नागिरीत बसून नाही कळायचं. ऑफिसातून बघतात हे मात्र खरं, जेवणाच्या सुट्टीतच फोन येतात, फोटो लहान दिसतात म्हणून व्हॉट्सअपवर मागतात.

गुहागरचा छापखाना:
देवनागरीचं कोणीच बोलत नाही. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला चिकटतो. मी अक्षराच्या मापाच्या १.८ पटीखाली जात नाही. आमचे अण्णा स्क्रीनला नाक लावून वाचायचे, म्हणून त्यांना झूम शिकवलं, तर १९२० ची स्क्रीन २०० टक्क्यांवर साइटला ९६० चीच वाटते, मग लहान स्क्रीनसारखा मेनू गेला तीन रेघांच्या बटणात, अण्णा म्हणाले बिघडवलंस तू. मोठा मॉनिटर घेतलेला डोळ्यांसाठी!

खाडीपलीकडचा:
बरं, तक्त्याचं आणि अण्णांचं मान्य. ओळी ताणायचं नाही म्हणजे नाही.

सड्यावरचा, रत्नागिरी:
ताई, चुकलं माझं, "पण" मागे घेतो. भावाच्या साइटवाल्याला आत्ता फोन लावतोय, पत्त्याचा रकाना नावाशेजारी आणि पूर्ण दिसला पाहिजे, पुढच्या पेट्या निघायच्या आत.