युरोपातल्या कॉन्झर्व्हेटरींचे सामायिक ऑनलाइन कोर्स: क्रेडिट आणि आवाज, दोन्हींबद्दल माहिती हवी

कोमल_निषाद
भाचीला नेदरलँड्समध्ये व्हायोलिनच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. तिथली कॉन्झर्व्हेटरी (संगीत महाविद्यालय) आणखी दोन संस्थांबरोबर कोर्स वाटून घेते. इअर ट्रेनिंग (कानाने स्वर ओळखण्याचा सराव) फ्रान्सहून, विश्लेषण फिनलंडहून (दोन्ही ऑनलाइन) आणि तिघांचा मिळून चेंबर म्युझिकचा (मोजक्या वादकांनी एकत्र वाजवण्याचा) प्रकल्प, तो अर्धा ऑनलाइन.
१. हे क्रेडिट पदवीत धरले जातातच का?
२. व्हिसा लांबला तर सुरुवातीचे तास पुण्यातून करता येतील?
३. घरच्या इंटरनेटवर दुसऱ्या शहरातल्या पियानोवादकाबरोबर वाजवणं जमतं का?
तिचा पाया सरगमचा आहे. स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचते, पण फक्त ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारी खूण).

दप्तरी
क्रेडिट आपोआप येत नाहीत. इरॅस्मसच्या (युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेच्या) चौकटीतला कोर्स असेल तर सुरू होण्याआधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे कोर्सच्या लेखी करारावर, तीन सह्या लागतात: विद्यार्थिनी, मूळ संस्था, कोर्स देणारी संस्था. त्यातल्या टेबल ए मध्ये बाहेरचा कोर्स लिहायचा आणि टेबल बी मध्ये त्याबदल्यात मूळ संस्थेतला कोणता विषय सुटणार ते. गडबड होते ती बी मध्ये. तिथे मोघम लिहिलं की कोर्स गुणपत्रिकेवर 'जादा' म्हणून दिसतो आणि पदवीच्या हिशोबातून निसटतो. नेदरलँड्समध्ये हे महागात पडू शकतं, कारण युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाचे निम्मे, म्हणजे ६० पैकी ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) मिळवावे लागतात. नाहीतर संस्था तसं इमिग्रेशन खात्याला कळवते.

१ ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ३ क्रेडिटचा कोर्स आठवड्याला एकच तास दिसला तरी एकूण ७५ ते ९० तास धरा, बाकीचा सगळा गृहपाठ.

चेंबर प्रकल्प बहुधा 'ब्लेंडेड इन्टेन्सिव्ह प्रोग्राम' असेल, म्हणजे इरॅस्मसमधला थोडा ऑनलाइन, थोडा प्रत्यक्ष असा छोटा कोर्स. त्यात प्रत्यक्ष हजेरी ५ ते ३० दिवस, ऑनलाइन भाग सक्तीचा आणि किमान ३ क्रेडिट. नुसतं ऑनलाइन करून किंवा नुसतं तिकडे जाऊन भागत नाही.

पुण्यातून हजेरी चालेल का, हे कोर्सच्या शिक्षकांकडून आणि इंटरनॅशनल ऑफिसकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी 'हो' सत्राअखेरीस कुणाला आठवत नाही. वेळेचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत नेदरलँड्स आणि फ्रान्स आपल्यामागे साडेतीन तास, फिनलंड अडीच. त्यानंतर प्रत्येकी एक तास वाढवा. नेदरलँड्स-फ्रान्सचा संध्याकाळी सहाचा तास इकडे साडेनऊऐवजी साडेदहाला सुरू होईल. सोसायटीत तेव्हा व्हायोलिन काढायचं म्हणजे म्यूट लावणं आलं, आणि प्रॅक्टिस म्यूट लावल्यावर शिक्षकांना स्वराचा पोत काय कळणार!

लेहरा
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. एकत्र वाजवताना आवाज एका बाजूने साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांत पोचला तर लय टिकते. हवेत आवाज तेवढ्यात दहाएक मीटर जातो, म्हणजे मोठ्या रंगमंचाची दोन टोकं. त्यापुढे दोघं एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय ओढली जाते.

फायबरमधून प्रकाशाला १००० किमीला ५ मिलिसेकंद लागतात. पुणे ते अ‍ॅमस्टरडॅम साधारण ७००० किमी, म्हणजे सरळ रेषेतच ३५. प्रत्यक्षातली केबल बरीच वळसे घेऊन जाते. त्यामुळे पुण्यातून एकत्र वाजवणं विसरा, कुठलंही सॉफ्टवेअर ते जमवणार नाही. त्या आठवड्यांत पियानोचा भाग रेकॉर्ड करून मागवा, तो तिच्याच बाजूला वाजवा आणि दोन्ही आवाज एकत्र मिसळून पाठवा. समोरच्याला उशिरा ऐकू येईल, पण एकत्र ऐकू येईल. शिक्षकांनी पलीकडून ताल धरायचा नाही, एवढं आधीच ठरवून घ्या.

ती तिकडे पोचल्यावर, समजा रॉटरडॅमहून पॅरिसला, अंतराची अडचण नाही. तिथे वेळ खातात साउंड कार्ड, वायफाय आणि बफर (संगणक आवाज पुढे पाठवण्याआधी जेवढा साठवून ठेवतो तो तुकडा). ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर २.७ मिलिसेकंद घेतो, १०२४ चा २१. लॅन केबल, ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी), वायरचे हेडफोन आणि सोनोबस किंवा जॅकट्रिप हे सॉफ्टवेअर, एवढ्यावर घरून जमण्यासारखं आहे. ब्लूटूथ नको, त्याचाच उशीर शंभराच्या पुढे जातो. संस्थेत लोला (कमी उशिरात आवाज आणि चित्र पोचवणारी प्रणाली) असेल तर उत्तमच. ट्रिएस्टच्या तार्तिनी कॉन्झर्व्हेटरीने इटलीच्या गार (GARR) या शैक्षणिक नेटवर्कबरोबर ती प्रणाली केली. पण तिला शैक्षणिक नेटवर्कची जोडणी आणि खास कॅमेरे लागतात, तेव्हा खोलीवर बसून ती चालवायची नाही.

खर्जातला
वरच्या प्रतिसादात भर. झूमवरच्या तासाला ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा, त्याखाली हाय-फिडेलिटी मोड चालू आणि इको कॅन्सलेशन बंद. मग हेडफोन सक्तीचे, नाहीतर शिक्षकांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल. मीटिंगमध्ये वरचं बटणही चालू आहे ना, ते दर वेळी बघा. हे केलं नाही तर गजाने काढलेलं लांब, हळुवार वादन पंख्याची घरघर समजून कापलं जातं. तानपुऱ्याचंही तेच होतं.

खरी कसोटी फ्रान्सच्या कोर्समध्ये लागेल. तिथे 'दो' म्हणजे कायम सी, आपला सा हलतो तसा हलत नाही. डी मेजरमध्ये तिचा कान डी ला सा म्हणेल, वर्गात तो 'रे'. एफ शार्पलाही नुसतं 'फा' म्हणतात. मनात आधी सरगम आणि मग नाव, अशी दुहेरी उठाठेव वेगात टिकत नाही. रोज दहा मिनिटं न गाता, फक्त लयीत नावं वाचायची, मेट्रोनोम ६० वर. अल्टो आणि टेनर क्लेफ आत्तापासून घ्या, फ्रेंच पद्धतीत ते गृहीत धरतात.

कोमल_निषाद
खूप आभार. गृहपाठाचं रेकॉर्डिंग कसं पाठवायचं?

खर्जातला
४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो डब्ल्यूएव्ही. मिनिटाला साधारण ८.६ एमबी, म्हणजे २० मिनिटांचे १७० च्या वर. ईमेलने जाणार नाही, कोर्सच्या पोर्टलवरच चढवा. माइक व्हायोलिनपासून ६० सेंमी ते १ मीटर, थोडा वरून. व्हिडिओ मागितला असेल तर एकसलग टेक, दोन्ही हात आणि चेहरा चौकटीत. जोडकाम दिसलं तर परत पाठवतात.