आय५-१३४२०एच, आय५-१२४५०एचएक्स की रायझन ७ ७४३५एचएस? तिन्हीत ४०५०, ठरवता येईना

अकोलेकर_पोरगा

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज पुण्यात, घर अकोल्यात. बाबांनी दिवाळीआधी लॅपटॉपसाठी ऐंशी हजार कबूल केलेत, फार ओढलं तर पंच्याऐंशी.

चाळणी लावून तीन उरलेत. एकात प्रोसेसर इंटेल आय५-१३४२०एच, दुसऱ्यात आय५-१२४५०एचएक्स, तिसऱ्यात रायझन ७ ७४३५एचएस. ग्राफिक्स कार्ड तिन्हीत आरटीएक्स ४०५०, रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, स्क्रीन १४४ हर्ट्झ. किमतीत दोन-अडीच हजारांचं अंतर. रोज रात्री व्हिडिओ बघतो आणि रोज मत बदलतं. वरून आमच्या इथला दुकानदार म्हणतो, "आय५ कशाला, याच पैशात आय७ देतो." त्याच्या आय७मध्ये कार्ड ३०५० आहे.

वापर सांगतो. गेममध्ये व्हॅलोरंट रोज, सुट्टीत सायबरपंक २०७७ आणि जीटीए ५. अभ्यासाला सॉलिडवर्क्स (३डी डिझाइनचं सॉफ्टवेअर), पुढच्या वर्षी अ‍ॅन्सिस (सिम्युलेशनचं). मशीन पाठीवर टाकून रोज कॉलेजात न्यायचं. आणि मे महिन्यात घरी पारा ४५ला टेकतो, एसी नाही, कूलर आहे. काय घेऊ?

कोअर_कमिटी

डोळे झाकून ७४३५एचएस. ८ पूर्ण कोअर, म्हणजे काम करणारी आठ डोकी, १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). इंटेलचे ८ म्हणजे ४ मोठे आणि ४ बारके, थ्रेड १२च. त्याच पैशात जास्त माल मिळत असताना विचार कसला करायचा?

पेचकस

कोल्हापुरात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो. नवं मशीन विकत नाही, त्यामुळे कुठल्याच कंपनीशी माझं देणंघेणं नाही.

आधी दुकानदाराचा आय७ निकालात काढू. गेममध्ये आधी दम सुटतो तो ग्राफिक्स कार्डाचा. ३०५० एक पिढी मागचं आहे आणि ४०५०ला जे फ्रेम जनरेशन (कार्डानं मधल्या फ्रेम स्वतः बनवून गेम गुळगुळीत दाखवणं) मिळतं ते त्याला मिळत नाही. स्टिकर बघून गेम पळत नाही. सोड तो.

आता तुझे दोन इंटेल. मांडणी एकच: ४ मोठे कोअर, ४ छोटे, १२ थ्रेड, १२ एमबी कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी). १२४५०एचएक्स जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झ, १३४२०एच ४.६. संपला फरक. 'एचएक्स' दिसलं की लोकांना वाटतं मोठा प्रोसेसर, पण ते सगळ्यांना लागू नाही. १३४५०एचएक्स खरंच वरचा आहे: ६ मोठे, ४ छोटे, १६ थ्रेड, २० एमबी कॅश. १२४५०एचएक्स नावापुरताच. आणि हे दुकान अजून बंद झालेलं नाही बरं का. २०२५मध्ये याच ४ अधिक ४ मांडणीला 'कोअर ५ २१०एच' असं नाव मिळालं, वेग ४.८. नव्या नावाचे चार पैसे जास्त मागितले तर देऊ नकोस.

एएमडीनंही काही कमी केलेलं नाही. त्यांच्या ७०००च्या लॅपटॉप मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७४३५एचएसमध्ये तो ३ आहे, म्हणजे आतली रचना झेन ३ प्लस, २०२२च्या ६००० मालिकेतली. ७८४०एचएसमध्ये तो ४, म्हणजे झेन ४. पहिला ७ बघून कुणी हरखून जाऊ नये.

मग तिघांत सरस कोण? सायबरपंकमध्ये ४०५०च आधी शंभर टक्क्यांना भिडतं, प्रोसेसर बाजूला बसून असतो, त्यामुळे तिथे तुला फरक कळणारही नाही. व्हॅलोरंट मात्र प्रोसेसरवर चालतो. एकेका कोअरच्या वेगात १३४२०एच थोडा पुढे आहे, पण तुझी स्क्रीन सेकंदाला १४४ फ्रेमच दाखवते आणि तिघंही त्याच्या पलीकडे जातात. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल बनवताना पुन्हा एकाच कोअरचं काम जास्त, म्हणजे इंटेल. रेंडरिंग, सिम्युलेशन असं सगळे कोअर लावणारं काम असेल तर रायझन. कमिटीसाहेब तेवढ्यापुरते बरोबर आहेत.

पण त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही, आणि दुकानात तर कुणीच सांगत नाही. ७४३५एचएसमध्ये अंगचं ग्राफिक्सच नाही. इतर लॅपटॉपमध्ये साधं काम चालू असताना मोठं कार्ड झोपतं आणि प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स स्क्रीन सांभाळतं. इथे पीडीएफ वाचायलासुद्धा ४०५० जागं. गेमिंगला उलट बरं, चित्र थेट कार्डातून स्क्रीनवर जातं, मक्स स्विच (छोटं ग्राफिक्स वगळून स्क्रीन थेट मोठ्या कार्डाला जोडणारा) आहे की नाही हे विचारायलाच नको. बॅटरीचं मात्र गणित मांड. बॅटरी साधारण ५७ वॅट-तासांची धर. मशीन हलक्या कामातही २० वॅट ओढत असेल तर तीन तासही धड नाहीत. तेच काम इंटेलवर १० वॅटमध्ये उरकलं तर दुप्पट.

तू रोज कॉलेजात नेणार आहेस. मी १३४२०एच घेईन.

अकोलेकर_पोरगा

दादा, हे अंगच्या ग्राफिक्सचं एकाही व्हिडिओत आलं नाही! पण आमच्या वर्गात प्लग पॉइंट आहेत. मग ७४३५ चालेल का? तो दोन हजारांनी स्वस्त आहे. आणि दोन्हीत ४०५० म्हणजे गेम सारखाच चालणार ना?

नागपुरी_संत्रं

मी वापरते ७४३५एचएसवालं मशीन. ऑफिसचं काम घरून, रात्री गेम. टेबलावर प्लग लावून काही म्हणजे काही तक्रार नाही, अगदी दणकट चालतं. पण मीटिंगला दुसऱ्या खोलीत घेऊन गेले की एक डोळा बॅटरीवर. प्लग आहे म्हणतोस, तर चार्जरही रोज न्यावा लागेल हे लक्षात घे. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर म्हणजे वीटच असते, आणि पॉइंट नेहमी शेवटच्या बाकापाशी. वर्गात बॅटरीवर काढायचे तास जास्त असतील तर पेचकस म्हणतात ते ऐक. हॉस्टेलच्या टेबलावरून हलणार नसेल तर दोन हजार वाचव.

उन्हाळ्याचं: आमच्याकडेही तीच गत. बॅटरीवर गेम खेळू नकोस, वेगही पडतो आणि बॅटरीही तापते.

पेचकस

ताईंशी सहमत. टेबलावरचं मशीन असतं तर मीही रायझन म्हटलं असतं.

आता "दोन्हीत ४०५० म्हणजे सारखंच". इथेच लोक फसतात. निव्हिडियानं लॅपटॉपच्या ४०५०ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज ओढायची मोकळीक दिली आहे; वॅट जास्त तेवढा कार्डाचा जोर जास्त. कंपनी आपल्या सोयीनं आकडा ठरवते. बारीक, देखण्या मशीनमध्ये ५० वॅटच्या आसपास बांधलेलं कार्ड आणि जाडजूड मशीनमध्ये शंभरच्या आसपास सोडलेलं कार्ड, नाव दोघांचं एकच. तुझ्या तीन प्रोसेसरांमधल्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' शोध. दुकानात मशीन चालू असेल तर निव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघड, सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये आकडा दिसतो. दुकानदार 'तसं काही नसतं' म्हणाला तरी बघ.

दुसरं, १६ जीबी म्हणजे १६ची एक पट्टी की ८च्या दोन? एकच असेल तर मेमरीचा रस्ता अर्धाच उघडा राहतो आणि व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये ते जाणवतं. ७४३५ला डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार) लागते. १३४२०एच डीडीआर४वरही चालतो, डीडीआर५वरही, म्हणून तिथे विचारून घे. दुसरी खाच रिकामी असेल तर नंतर पट्टी टाकता येते.

ताप: इंटेलची मर्यादा १०० अंश, या रायझनची ९५. गेममध्ये नव्वदीचे आकडे दिसले की घाबरू नकोस, ते चालायचंच. अकोल्यात मे महिन्यात मशीन गादीवर ठेवून खेळायचं नाही, आणि कूलरच्या थेट झोतातही ठेवायचं नाही. गारवा बरा वाटतो, पण ती हवा ओली असते. असे हिरवट गंज चढलेले बोर्ड दर पावसाळ्याच्या तोंडाला माझ्या टेबलावर येतात.

अकोलेकर_पोरगा

आत्ताच पानं उघडून बघितली. १३४२०एचवालं ९५ वॅट, ७४३५वालं ७५. १२४५०एचएक्सच्या पानावर आकडाच दिलेला नाही. रॅम १३४२०मध्ये ८ची एक आणि ८ची एक, डीडीआर५.

पेचकस

मग थांबलास कशाला? फक्त स्क्रीनचा रंग बघून घे. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायची मापं. ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर चित्र फिकट दिसणार. शंभर टक्के एसआरजीबीचं मॉडेल हजारभर रुपयांत मिळत असेल तर तेवढे बाबांकडून काढ.