गिरणी कामगार बाबांना आणि शिक्षिका आईला डर्बीशायरमध्ये काय काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा आमच्याकडे डर्बीला येताहेत, सहा आठवड्यांसाठी. त्यांची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला आम्ही उत्साहाच्या भरात लंडन, एडिंबरा सगळं पळत पळत दाखवलं आणि दोघंही दमून गेले. एका मोठ्या हवेलीत तीन तास रांगेतून सोनेरी छतं बघत फिरलो. बाहेर आल्यावर बाबा बाकावर टेकले आणि म्हणाले, "वाडो बघून माका काय करूचा हा?" ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यांना काय आवडेल हे मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं.

म्हणून या वेळी घरापासून तासाभराच्या आत, दिवसाला एकच ठिकाण, डबा बरोबर, आणि त्या ठिकाणाशी त्यांचं काहीतरी नातं असावं असं ठरवलंय. थोडी माहिती गोळा केली आहे. जे जाऊन आलेत त्यांनी ती तपासून द्यावी, चुकत असेन तर सांगावं.

आधी दोघांबद्दल. बाबा पंच्याहत्तरीला टेकलेत. कणकवलीजवळचं गाव सोडून १९७० साली मुंबईला गेले, लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, पुढे स्पिनिंग खात्यात कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो त्यांच्यासाठी कधी संपलाच नाही. गावी परतले आणि कलमं लावली. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालतात, जिना मात्र नको. आई गावातच प्राथमिक शाळेत शिकवायची. गुडघे ठणठणीत, प्रश्न अखंड. गळ्यात माळ आहे, त्यामुळे अंडंसुद्धा चालत नाही.

पहिलं ठिकाण क्रॉमफर्ड, आणि खरं सांगायचं तर हा धागा त्याच्यासाठीच काढलाय. डर्बीहून मॅटलॉकच्या गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं. रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. सूत काढायचं काम घराच्या ओटीवरून एका छपराखाली आलं, पाळ्या लागल्या, घंटेवर माणसं आत-बाहेर करू लागली, ते इथून. मी गेल्या महिन्यात एकटी जाऊन आले. दगडी इमारतीला खालच्या मजल्यांवर रस्त्याच्या बाजूने खिडक्याच नाहीत, एखाद्या गढीसारखी भिंत. आत आर्कराइटच्या यंत्राची रचना समजावून सांगितली आहे: रोलरच्या जोड्या एकापुढे एक, पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो आणि मग त्याला पीळ बसतो. बाबा बारा वर्षं ज्या रिंग फ्रेमसमोर उभे राहिले तिच्यातही हेच रोलर होते. लहानपणी मला सुट्टीत मुंबईला नेलं की ते दोन बोटांनी तुटलेला धागा जोडून दाखवायचे. क्रॉमफर्डच्या त्या अंगणात उभी असताना मला त्यांची ती दोन बोटंच दिसत होती.

गिरणीपासून थोडं वर गावात नॉर्थ स्ट्रीट आहे. आर्कराइटने कामगारांसाठी १७७६ च्या सुमारास बांधलेली तीन मजली घरांची रांग. वरच्या मजल्यावर विणकामाची खोली, म्हणून तिथे खिडक्या ओळीने. मालकाने बांधलेली घरं आणि एकमेकांना चिकटलेली दारं बघून बाबांना आपली चाळ आठवेल. घरांत लोक राहतात, त्यामुळे बाहेरूनच बघायची.

गिरणीसमोर रस्ता ओलांडला की कालव्याचा धक्का आहे. तिथून कालव्याच्या कडेने हाय पीक जंक्शनपर्यंत मैलभराची वाट जाते. एकदम सपाट, एका बाजूला संथ पाणी, बदकं, मधूनमधून बाक. बाबांच्या गुडघ्याला हे जमेल असं वाटतं.

पण क्रॉमफर्डला यंत्रांचं खातं चालू स्थितीत नाही. इमारती आहेत, माहिती आहे, पण धडधड नाही. बाबांना धडधडीशिवाय गिरणी म्हणजे देवाशिवाय देऊळ वाटेल. तर प्रश्न पहिला: चालू यंत्रं बघायला मिळतील अशी जुनी कापडगिरणी जवळपास कुठे आहे? तिथे लिफ्ट आहे का?

दुसरं ठिकाण क्रिचचं ट्रामचं संग्रहालय. तिकिटासाठी हातात जुनं पेनीचं नाणं देतात, ते कंडक्टरला द्यायचं आणि दिवसभर हव्या तितक्या फेऱ्या मारायच्या. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली आणि बाबा सहा वर्षांनी मुंबईत पोचले. त्यांचे थोरले भाऊ आणा-दीड आण्याच्या ट्रामच्या गोष्टी सांगायचे आणि बाबा हेव्याने ऐकायचे. ही एक फेरी त्यांना द्यायचीच आहे. प्रश्न दुसरा: ट्रामच्या पायऱ्या किती उंच आहेत?

तिसरं ठिकाण आईसाठी, ईयम. १६६५ साली लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं, त्यातून पिसवा आल्या आणि गावात प्लेग शिरला. धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना गाव न सोडायची गळ घातली. आजूबाजूच्या गावांत रोग जाऊ नये म्हणून लोक आत थांबले आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. शिवेवरचा दगड अजून आहे. त्याच्यातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायचे, बाहेरचे लोक धान्य ठेवून नाणी न्यायचे. फोनवर हे सांगितलं तेव्हा आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सावित्रीबाई गेल्या त्या प्लेगातच, रुग्णांची सेवा करता करता." १८९७ चं पुणं तिने चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय. ईयमचे रस्ते चढाचे आहेत का? दगडापर्यंत जायला किती चालावं लागतं?

चौथ्या ठिकाणाबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत. केडलस्टन हॉल आमच्या घरापासून पाचेक मैलांवर, नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं. हे लॉर्ड कर्झनचं घर, बंगालची फाळणी करणारा तोच. त्याने पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचं दालन तिथे आहे आणि कोलकात्याचं राजभवन या घराच्या आराखड्यावरून बांधलंय. पुन्हा एक वाडा म्हणून मी नको म्हणत होते. आई म्हणते, "वंगभंग इतकी वर्षं शिकवला, त्याचं घर बघू दे की." बाबांना बागेत बसवता येईल. बाग सपाट आहे का?

आणखी एक गोष्ट. इथे शेतांतून पायवाटा जातात, पिवळे बाण लावलेले असतात, आणि कुणाच्याही मेंढ्यांमधून आपण बिनधास्त चालू शकतो. बाबांना हे खूप आवडेल, कारण गावी बांधावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्यात. पण या वाटांवर कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात आणि त्या त्यांना झेपणार नाहीत. पायऱ्या नसलेल्या वाटा सांगा.

जेवणाचं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही नेणार. बेकवेलचं प्रसिद्ध पुडिंग अंड्याचं, ते बाद. बाबांना मॅटलॉक बाथला नदीकाठी फिश अँड चिप्स खिलवायचेत, पण चिप्स माशाच्याच तेलात तळत असतील तर आईला तेही नाही. वेगळं तेल ठेवणारं कुणी आहे का?

प्रतिसाद, मँचेस्टरहून:

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर क्वारी बँक, स्टायल गाव. नॅशनल ट्रस्टचंच आहे, सॅम्युएल ग्रेगने १७८४ साली सुरू केलेली गिरणी. यंत्रं चालू करून दाखवतात, पिंजण्यापासून मागापर्यंत. एकच माग सुरू केला तरी जमीन थरथरते, मग शंभर चालू असताना काय होत असेल याची कल्पना करा. लिफ्ट आहे. खाली लोखंडी पाणचक्कीही बघायला मिळते.

माझे सासरे सोलापूरच्या गिरणीत होते, त्यांना नेलं होतं. दाखवणारा माणूस धागा जोडत होता. सासरे पुढे झाले, हाताने खूण केली, त्या माणसाने हसून जागा दिली. इंग्रजीचा एक शब्द न बोलता दोघांचं दहा मिनिटं संभाषण चाललं. तेव्हा बाबांना मागे उभं करू नका, पुढे जाऊ द्या.

जवळच अॅप्रेंटिस हाउस आहे, तिथे गिरणीत राबणारी अनाथ मुलं राहायची. शिक्षिका म्हणून आईंनी ते बघावंच. तिथे मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, गेल्या गेल्या वेळ विचारून ठेवा. डर्बीहून तासाभरापेक्षा जास्त लागेल, पण विमानतळ अगदी शेजारी आहे. त्यांचं परतीचं विमान मँचेस्टरहून असेल तर आदल्या दिवशी इकडे या, मुक्कामाला आमचं घर आहे.

प्रतिसाद, शेफील्डहून:

पायऱ्या नसलेली वाट हवी तर मॉन्सल ट्रेल. जुन्या रेल्वेचा मार्ग, रूळ काढून साडेआठ मैलांची वाट केली आहे. बोगदे २०११ पासून खुले आहेत, आत दिवे असतात, पण गारठा असतो, स्वेटर घ्या. हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडलात की थेट दरीवरच्या उंच पुलावर येता. कर्जत-खंडाळा घाटात गाडी बोगद्यातून बाहेर आल्यावर होतं तसंच वाटतं.

एक चूक करू नका. मॉन्सल हेडला गाडी लावून दरीत उतरू नका, ती वाट गुडघ्यांची परीक्षा आहे. वरून नजारा बघा, मग हॅसॉपच्या जुन्या स्टेशनवर जा आणि तिथून सपाट चाला. स्टेशनात आता उपाहारगृह आहे, भाड्याने सायकलीही मिळतात. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर "माइल्स विदाउट स्टाइल्स" नावाने विनापायऱ्यांच्या वाटा दिल्यात.

कॅसलटनच्या गुहा बाबांसाठी सोडून द्या. त्यातल्या स्पीडवेल गुहेत होडीतून नेतात म्हणून सगळे सुचवतील, पण आधी शंभरावर पायऱ्या उतरायच्या आणि परत तेवढ्याच चढायच्या.

ईयम चढावर आहे. चर्च आणि प्लेगची घरं मात्र एकाच रस्त्यावर जवळजवळ आहेत, तेवढं बाबांना जमेल. शिवेवरचा दगड गावाबाहेर शेतात आहे, तिथे आईंना घेऊन तुम्ही जा.

प्रतिसाद, नॉटिंगहॅमहून:

आईंना रांगोळीची आवड आहे का? मे महिन्यात टिसिंग्टन चुकवू नका. तिथे विहिरी सजवतात. लाकडी पाट्यांवर ओली माती थापून त्यात फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया एकेक करून दाबतात आणि मोठं चित्र करतात. पाण्याचे आभार मानायची जुनी रीत. ईस्टरचा रविवार धरून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी सुरू होतं, काही दिवसच राहतं, मग पाकळ्या सुकतात. गाव छोटं आहे, विहिरी एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. टिसिंग्टन हुकलं तर उन्हाळाभर इतर गावांत पाळीपाळीने असतं.

चिप्सच्या तेलाचं दुकानात शिरल्यावर सरळ विचारायचं, सांगतात. पक्का उपाय म्हणजे भाजलेला बटाटा, वर चीज किंवा बीन्स. बहुतेक सगळ्या उपाहारगृहांत मिळतो.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. मँचेस्टरच्या ताई, तुमच्या सासऱ्यांची गोष्ट मी काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवली आणि आम्हा दोघांनाही पुढे बोलता येईना. परतीचं विमान मँचेस्टरचंच आहे, त्यामुळे क्वारी बँक शेवटच्या दिवसासाठी ठेवतेय. क्रॉमफर्ड पहिल्या आठवड्यात, थकवा गेल्यावर. आईला टिसिंग्टनचं सांगितलं तर ती म्हणाली, "पाकळ्या खालून वर लावत असतील, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जाईल." तिने पाट्या पाहिल्यादेखील नाहीत! हे खरं आहे का, कुणाला माहीत असेल तर सांगा, तिला कळवायचंय.

क्रिचच्या पायऱ्यांचं अजून कुणी सांगितलेलं नाही. उद्या संग्रहालयाला फोन करते आणि इथे लिहिते. आणि क्वारी बँकेत दिवसभरात यंत्रं कधी कधी चालू करतात? बाबांना पहिल्या धडधडीला हजर ठेवायचंय.